मारका बैल आणि त्याचा धनी

एखादी मोठी दुर्घटना घडली की अंत्यविधीच्या प्रसंगी आम्हां धर्मसेवकांच्या मुखातून दोन शब्द सहज बाहेर पडतात : देवाची इच्छा. शोकाकुलांना धीर द्यावा, हाच त्यामागील हेतू असतो. परंतु जो मृत्यू माणसांच्या बेपर्वाईमुळे ओढवला, त्याचा भार देवाच्या माथी ठेवण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना नियमशास्त्रातील एका लहानशा विधीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात (२८-३२) मारक्या बैलाविषयी दोन निर्णय दिले आहेत. बैलाने शिंग मारून कोणाचा प्राण घेतला, तर बैलास दगडमार करावा; धनी निर्दोष. परंतु त्या बैलाला आधीपासून तशी खोड असेल, धन्याला तशी सूचना दिलेली असेल, आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर धनीही प्राणदंडास पात्र होतो. खंडणी घेऊन त्याचा प्राण सोडविता येई, परंतु दोष त्याचाच राही. दोन्ही प्रसंगी बैलाचे कृत्य एकच आहे. निर्णय बदलला तो धन्याला मिळालेल्या सूचनेमुळे. नकळत घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई यांतील सीमारेषा शास्त्राने येथे आखली आहे.

भोपाळची घटना या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. सूचना मिळाली नव्हती, असे मात्र नव्हते. १९८१ साली याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून गंभीर उणिवा नोंदविल्या होत्या. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी लेख लिहून शहराला सावध केले होते. तरीही त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. कारखान्यालगत दाट वस्ती आहे, हे शासनालाही दिसत होते.

पुढे न्यायालयातील वादही 'जाणीव होती काय' या प्रश्नापाशीच येऊन ठेपला. मूळ आरोप सदोष मनुष्यवधाचा होता. त्यास आवश्यक ती जाणीव सादर केलेल्या पुराव्यावरून दिसत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो हयगयीने मृत्यू घडविण्याच्या आरोपापर्यंत खाली आणला. २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. त्या कलमाची कमाल मर्यादाच तेवढी होती. नुकसानभरपाईची ४७ कोटी डॉलरची तडजोड त्यापूर्वीच, १९८९ साली, झाली होती. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा इंदूरजवळील पीथमपुरात नेऊन जाळण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

प्राचीन दंड आज कोणी मागत नाही, मागूही नये. परंतु 'धन्याला कोणी सांगितले होते काय?' हा नियमशास्त्राचा प्रश्न विचारण्याचे धैर्य आमच्या प्रवचनात असले पाहिजे. तो दाबून आम्ही देवाची इच्छा पुढे करतो, तेव्हा ज्यांनी जाब द्यावयाचा ते सुटतात आणि देवावर खोटा आळ येतो.

हाच प्रश्न आमच्याही दाराशी उभा आहे. वसतिगृहाची भिंत तडकली आहे, विजेच्या तारा उघड्या आहेत, असे कोणी मंडळीच्या सभेत सांगितले आणि आम्ही विषय पुढच्या सभेवर ढकलला, तर त्या घटकेपासून आम्ही सूचना मिळालेले धनी झालो. नवे घर बांधताना गच्चीला कठडा कर, असे अनुवाद २२:८ सांगते. कोणी खाली पडण्याची वाट पाहावी, असे तेथे म्हटलेले नाही.