तीन कोटी नोंदी आणि न दिसलेले पक्षी

वन्यजीवांच्या नोंदींत अमुक देशाने दहा लाखांचा, तमुक देशाने एक कोटीचा टप्पा ओलांडल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. पण त्या आकड्यावरून तेथील निसर्गाची श्रीमंती जोखता येत नाही, कारण तो आकडा मुळात पाहणाऱ्यांचा असतो. नागरिक-विज्ञान, म्हणजे व्यवसायाने शास्त्रज्ञ नसलेल्या लोकांनी ठरलेल्या पद्धतीने माहिती गोळा करून संशोधनाला लावलेला हातभार, जिथे मुरले आहे तिथे नोंदी वाढतात. जेमतेम एक कोटी वस्तीच्या स्वीडनमध्ये ‘आर्टपोर्टालेन’ हे नोंदींचे संकेतस्थळ २००० सालापासून चालू असल्याने त्या थंड देशाच्या नोंदींचा साठा प्रचंड आहे. उलट जातींची विविधता पाहायची झाली, तर मे महिन्यातील एका ठरावीक दिवशी कोणत्या देशात सर्वाधिक पक्षी-जाती दिसतात हे पाहणाऱ्या जागतिक उपक्रमात २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे कोलंबिया पहिला आला.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला देशव्यापी अहवाल २०२० मध्ये निघाला, तेव्हा त्याला सुमारे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींचा आधार होता. २०२३ च्या दुसऱ्या अहवालापर्यंत निरीक्षक ३०,००० वर आणि नोंदी तीन कोटींच्या घरात गेल्या. या नोंदी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जमा होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या साथीने ते २००२ मध्ये सुरू केले.

या पद्धतीचा कणा म्हणजे ‘पूर्ण यादी’. तळ्याकाठी पंधरा मिनिटे थांबलेला निरीक्षक किती वेळ पाहिले, चालले असल्यास किती अंतर, सोबत कितीजण होते हे लिहितो आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळा-साळुंकीसुद्धा, यादीत घेतो. दुर्मीळ पक्षी तेवढा लिहून बाकीचे सोडून देण्याची हौस इथे उपयोगाची नाही, कारण यादी पूर्ण असली तरच तिच्यात नसलेला पक्षी तिथे आढळला नाही असे धरता येते, आणि शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादी जात आली यावरून तिची वाढ-घट वर्षानुवर्षे ताडता येते. पुण्याच्या यादीत जूनमध्ये एखाद्या हिवाळी पाहुण्याची नोंद झाली, तर ती आपोआप बाजूला काढली जाते आणि स्वयंसेवी परीक्षक छायाचित्र किंवा वर्णन मागवतात.

अशा याद्यांच्या छाननीतूनच शेताकडेच्या तारांवर सहज दिसणारा नीलपंख, म्हणजेच चाष, सुमारे बारा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास घटल्याचे २०२३ च्या अहवालात पुढे आले, तर मोर वाढल्याचे दिसले. नेहमी दिसणारा पक्षी हळूहळू कमी होतो तेव्हा ते एकट्यादुकट्याच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच नीलपंखाची ही घट दुर्मीळ पक्ष्याच्या एखाद्या सनसनाटी नोंदीपेक्षा अधिक मोलाची म्हणावी लागेल.

तरीही तीन कोटींच्या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला असला, तरी दीर्घकालीन कल सांगता आला तो केवळ ३३८ जातींचा, आणि त्यांतील साठ टक्के घटलेल्या आढळल्या. या कलासाठी २००० पूर्वीचा काळ पाया मानलेला असल्याने कपाटात पडलेल्या जुन्या वह्यांतील नोंदी आज भरल्या गेल्या, तर त्यांचे वजन नव्या नोंदींपेक्षा कमी भरणार नाही. दुसरी अडचण जागेची: हौशी माणूस साहजिकच शहराजवळच्या तलावाकडे वळतो आणि आडबाजूचे माळ, पडीक राने कोरी राहतात. केरळने यावर उपाय शोधला तो २०१५ ते २०२० या काळात पक्षी-नकाशासंग्रह तयार करताना. राज्याचे चौकोन पाडून त्यांतून निवडलेल्या जागी, मग ती मनाजोगती असो वा नसो, कोरड्या आणि पावसाळी अशा दोन्ही हंगामांत हजाराहून अधिक स्वयंसेवक गेले आणि त्यांनी सुमारे २५,००० याद्यांतून ३६१ जाती नोंदवल्या. देशाच्या आकड्यापुढे त्या तीन लाखांच्या आसपासच्या नोंदी किरकोळ वाटतात, पण कुठे काय नाही हे त्या नेमके सांगतात.