दारावरची पाटी

किन्हवलीच्या थांब्यावर एसटी येऊन उभी राहिली की प्रवाशाला विचार करायला फार वेळ मिळत नाही. गाडी शहापूरकडे निघाली आहे की मुरबाडकडे, कुठल्या रस्त्याने जाणार, आपल्या फाट्यावर थांबणार का, एवढे सगळे पायरीवर पाय ठेवण्याआधी कळावे लागते. गाव शहापूर तालुक्यातले, पण दोन आगारांच्या दरम्यान वसलेले. शहापूरच्या अंगाला आसनगावचे रेल्वे स्टेशन आणि तिथून कल्याण, ठाणे, मुंबई. मुरबाडच्या अंगाला दुसऱ्या तालुक्याचे मुख्य गाव आणि माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. मुंबईत चुकीच्या बसमध्ये चढलेला माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो आणि थोड्या वेळात दुसरी बस पकडतो. इथे उलट दिशेची गाडी मिळेपर्यंत परीक्षेचा पेपर, दवाखान्यातला नंबर किंवा तहसील कचेरीतले काम हातचे जाते. म्हणूनच वाहनाच्या दाराशी प्रवाशाला काय सांगितले जाते, हा विषय मला मेट्रोच्या डब्यातून नव्हे, या थांब्यावर उभे राहून पाहावासा वाटतो.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून कित्येक दशके प्रवाशाला माहिती देण्याचे मुख्य साधन एकच होते : पाटी. कागदोपत्री तिला मार्गफलक म्हणतात. पत्र्याचा लांबट तुकडा, त्यावर रंगाने काढलेली जाड देवनागरी अक्षरे. ती समोरच्या काचेशी लागते, आणि बऱ्याच गाड्यांना दाराच्या बाजूलाही तिच्यासाठी जागा असते. फेरी बदलली की वाहक किंवा चालक पाटी उलटी करतो, नाहीतर काढून दुसरी लावतो. मुंबईच्या बेस्टसारखे मार्गाचे क्रमांक एसटीच्या ग्रामीण फेऱ्यांना नसतात. तिथे ठळक आकड्यावरून बस ओळखता येते. इथे गावाचे नाव हीच ओळख, त्यामुळे सगळा भार अक्षरांवर.

या पाटीवर किती थोड्या जागेत किती सांगितलेले असते ते पाहण्यासारखे आहे. वर सुटण्याचे आणि पोचण्याचे गाव. खाली बारीक अक्षरांत ‘मार्गे’ आणि पुढे एखादे मधले गाव. त्या एका नावावरून प्रवाशाला पूर्ण रस्ता कळतो, कारण मधले वाड्या-पाडे त्याला पाठ असतात. शिवाय ‘जलद’, ‘विना थांबा’, ‘विनावाहक’ असे एखादे विशेषण. लांब पल्ल्याच्या गाडीवर ‘विना थांबा’ वाचणारा माणूस समजून घेतो की आपल्या फाट्यावर ही थांबणार नाही. रात्रीची वस्तीला येणारी गाडी तर गावाला पाटीशिवायही ओळखता येते, कारण तिच्यावरच दुसऱ्या दिवसाची सकाळ अवलंबून असते.

पाटीइतकाच महत्त्वाचा असतो दारात उभा राहिलेला वाहक. थांबा जवळ आला की तो गावाचे नाव दोन-तीनदा पुकारतो. खालून विचारणे होते, “भाऊ, शहापूरला जाईल ना?” वरून उत्तर येते, “जाईल, मावशी, या लवकर.” या भागात ठाकूर, कातकरी, वारली वस्त्या आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेली, किंवा अक्षरओळख असूनही सावकाश वाचणारी वडीलधारी माणसे तिथे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा पुकारा पाटीच्या बरोबरीचा आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. एसटीतल्या ज्या प्रवाशांना दाराशी सर्वात जास्त विचारावे लागते, नेमक्या त्याच प्रवाशांना या सवलतींनी गाडीत आणले. दाराशी मिळणाऱ्या माहितीची गरज त्यामुळे वाढलेली आहे.

आसनगावला पोचल्यावर मात्र माहितीची वेगळीच दुनिया लागते. रेल्वे इथे फार जुनी. कल्याणहून वासिंदपर्यंतचा मार्ग १८५५ साली सुरू झाला, वासिंद ते आसनगाव १८६० मध्ये, आणि कसाऱ्यापर्यंत गाडी गेली ती १ जानेवारी १८६१ रोजी. आज या मार्गावरच्या लोकलला प्रवासी तिच्या अक्षरावरून ओळखतात. इंडिकेटरवर ‘के’ असेल तर कल्याण, ‘टी’ असेल तर ठाणे. कसाऱ्यासाठी मात्र ‘एन’ आणि कर्जतसाठी ‘एस’. कल्याणपुढे एक फाटा ईशान्येला आणि दुसरा आग्नेयेला जातो, त्या दिशांच्या जुन्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे आहेत. शहापूरच्या चाकरमान्याला दादरच्या गर्दीत ‘एन’ दिसला की पुढचे काही वाचायची गरज उरत नाही. पहिल्यांदाच मुंबईला आलेल्या माणसाला मात्र त्या अक्षरातून काहीच कळत नाही. रोजच्या प्रवाशासाठी केलेली खूण आणि नवख्यासाठी लागणारी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाराशी दोन्ही असायला हव्यात.

डब्याच्या आतली माहिती मुंबईच्या लोकलमध्ये तशी उशिरा आली. २००७ च्या अखेरीस सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या नव्या गाड्या धावू लागल्या. त्यांच्यात पुढचे स्टेशन दाखवणारे दिव्यांचे फलक आणि मराठी, हिंदी, इंग्रजीतली घोषणा होती. गाडी कुठे आहे हे उपग्रहाच्या आधारे ओळखून घोषणा सुटते. ‘पुढील स्टेशन’ हे शब्द आता मुंबईच्या लहान मुलांनाही त्याच सुरात म्हणता येतात. खचाखच भरलेल्या डब्यात फलक दिसत नाही तेव्हा हाच आवाज उपयोगी पडतो. आसनगावला उतरायचे असेल तर वासिंद सुटल्यापासूनच दाराकडे सरकायला लागावे लागते.

मेट्रो आली आणि माहिती थेट दाराच्या माथ्यावर गेली. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला, नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये, पुण्याची २०२२ मध्ये. मेट्रोत दारावरच्या पट्टीवर मार्गातली सगळी स्थानके ओळीने मांडलेली असतात, गाडी कुठवर आली ते तिथे दिसते, आणि कुठल्या बाजूचे दार उघडणार तेही कळते. उतरणाऱ्याची नजर आपोआप दाराकडेच जाते, म्हणून ही जागा अचूक आहे. तोक्योच्या यामानोते मार्गावर २००२ साली आलेल्या गाड्यांत प्रत्येक दारावर दोन पडदे बसवले होते, एक प्रवासाच्या माहितीचा आणि एक जाहिरातींचा. २०२० मध्ये बीजिंग आणि शेनझेनच्या भुयारी गाड्यांत एलजीने बनवलेले पारदर्शक पडदे खिडकीच्या काचेच्या जागी बसले. त्यांच्यातून बाहेरचेही दिसते आणि काचेवर मजकूरही उमटतो.

पडदा दाराच्या झडपेतच बसवण्याची कल्पना आकर्षक आहे, पण दार हा वाहनाचा सगळ्यात जास्त हलणारा, आपटणारा भाग. बिजागरीतून नेलेली तार हजारो वेळा वाकते आणि शेवटी तुटते. लाल मातीची धूळ, पावसाळ्यातला चिखल, दाराला लोंबकळणारे हात हे सगळे तिथेच. सरकत्या दाराच्या मेट्रोत हे जमू शकेल. एसटीच्या हाताने ओढून कडी घालायच्या दारात पडदा टिकणार नाही. म्हणून माझ्या मते ग्रामीण गाडीसाठी योग्य जागा दाराची झडप नव्हे, दाराच्या वरची चौकट. बाहेरून चढणाऱ्याला एक फलक आणि आतून उतरणाऱ्याला एक.

या फलकांपुढे मराठीने जे आव्हान उभे केले आहे त्याची चर्चा फारशी होत नाही. दिव्यांचा फलक म्हणजे ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या ओळी. इंग्रजी मोठे अक्षर पाच बाय सात, म्हणजे ३५ ठिपक्यांत नीट बसते. देवनागरीला शिरोरेघेच्या वरही जागा हवी आणि खालीही. ‘किन्हवली’ लिहायचे तर ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही वेलांट्या रेघेच्या वर जातात, मध्ये न आणि ह यांचे जोडाक्षर. ‘मुरबाड’ला खाली ऱ्हस्व उकार, ‘शहापूर’ला दीर्घ. तिन्ही नावे एकाच फलकावर आळीपाळीने दाखवायची तर वरची जागाही राखावी लागते आणि खालचीही. सोळा ओळींच्या फलकात वेलांटीसाठी चार, शिरोरेघेची एक आणि उकारासाठी तीन ओळी सोडल्या की अक्षराच्या धडाला आठच उरतात. आठ ओळींत व आणि ब यांच्यातला फरक म्हणजे पोटातली एक तिरपी रेघ, फार तर दोन-तीन ठिपक्यांची. भ आणि म यांच्यातला फरक त्याहून नाजूक. एक दिवा विझला की गावाचे नाव बदलते.

पत्र्यावर लिहिणाऱ्या रंगाऱ्याला ही अडचण नव्हती. लांब नाव असले तर तो अक्षरे किंचित अरुंद करी, उकार असला तर शिरोरेघ थोडी वर नेई, व चे पोट मोठे ठेवी. दर नावाला तो नवा तोल साधत असे. संगणकाच्या फलकावरही हे करता येते, कारण साध्या यंत्राला जोडाक्षरे आपणहून जुळवता येत नाहीत आणि प्रत्येक नावाचे चित्र आधी तयार करून त्यात भरावे लागते. ते चित्र मराठी वाचणाऱ्या, अक्षरांची जाण असलेल्या माणसाने ठिपका-ठिपका पाहून केले पाहिजे. तसे न केल्यास वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे अशी नावे रस्त्यावर फिरतात.

उन्हाचाही विचार करावा लागतो. एप्रिलच्या दुपारी किन्हवलीच्या रस्त्यावर ऊन जितके कडक, तितकी रंगवलेली पाटी जास्त स्पष्ट दिसते आणि दिव्यांचा फलक फिका पडतो. अंधार पडला की उलट होते. ज्या फाट्यावर रस्त्याचा दिवा नाही तिथे पत्र्याची पाटी दिसतच नाही, माणूस गाडीच्या हेडलाइटकडे हात करतो आणि गाडी थांबल्यावर विचारतो. आसनगावला लोकलमधून उतरून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांची हीच वेळ असते. या एका कारणासाठी मी दिव्यांच्या फलकाच्या बाजूने आहे.

पण सरकत्या मजकुराला माझा विरोध आहे. ‘शहापूर’ डावीकडे पळून जाते, मग ‘मार्गे’ येते, मग मधले गाव, आणि तोवर गाडीने थांबा सोडलेला असतो. अक्षर-अक्षर जुळवून वाचणाऱ्या आजीला धावता मजकूर वाचताच येत नाही. पोचण्याचे गाव स्थिर आणि मोठे हवे. सरकवायचे तर फक्त खालच्या ओळीतले मधले थांबे. फलकाच्या जोडीला दारातून बाहेर ऐकू जाईल असा आवाज हवा, विशेषतः विनावाहक गाडीला, कारण तिथे पुकारणारे कोणी नसते.

यातले काहीही अशक्य नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१३ मध्ये शहरी बससाठी जी मानके दिली, त्यांत समोर, बाजूला, मागे आणि आत असे इलेक्ट्रॉनिक फलक आणि थांब्यांची घोषणा यांचा समावेश आहे. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारे उपकरण आणि आणीबाणीचे बटन बंधनकारक झाले. गाडीला आपण कुठे आहोत हे कळत असेल, तर तीच माहिती दारावरही येऊ शकते. १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, आणि अशा नव्या गाड्यांना दिव्यांचे फलक आहेत. पण फलकांचे मानक शहरी बसच्या नावाने झाले आणि नव्या गाड्या आधी मोठ्या मार्गांवर गेल्या. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला जे मिळाले ते इथल्या गाडीच्या दाराशी शेवटी का यावे, हा प्रश्न इथल्या माणसाने विचारला तर तो रास्तच आहे. दिवसात गाड्या कमी असतात तिथे पाटीवरचा प्रत्येक शब्द जास्त मोलाचा असतो.

नव्या फलकाची खरी परीक्षा आगारात होईल. पत्र्याची पाटी गावातला रंगारी एका दुपारी करून देत असे. शाळेच्या वेळेची एखादी नवी फेरी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत तिची पाटी तयार. दिव्यांचा फलक त्याच्यात भरलेल्या यादीपलीकडे काही दाखवू शकत नाही. चालकाने कळ दाबून यादीतली फेरी निवडायची. एखाद्या पाड्याचे नाव त्या यादीत नसेल, तर गाडी जवळच्या मोठ्या गावाचे नाव घेऊन फिरेल, किंवा काळा फलक घेऊन. यादी मुंबईत किंवा पुरवठादाराच्या कार्यालयात बनणार असेल तर एका नावासाठी महिने जातील. म्हणून शहापूर आणि मुरबाड या दोन्ही आगारांत नवे नाव भरण्याची सोय हवी, ते भरायला शिकवलेला माणूस हवा, आणि फलक बंद पडेल त्या दिवसासाठी दाराशी पत्र्याच्या पाटीची खाच तशीच ठेवलेली हवी.