कलेक्टर न पाठवता चालवलेलं राज्य

बिदरला इंग्रज कलेक्टर कधीच बसला नाही. गुलबर्ग्यालाही नाही. सोलापूर 1818 पासून इंग्रजांचं. पण आळंद, भालकी, औराद, हुमनाबाद ही सगळी मोगलाई, म्हणजे हैदराबादच्या निजामाचा मुलूख. शेतसारा निजामाच्या राज्याचा, बाजारात चालणारा हाली शिक्का निजामाचा, टपालाची तिकिटं निजामाची, हद्दीवर जकात घेणारे करोडगिरीचे नाकेही निजामाचेच. मग या मुलखावर युरोपीय साम्राज्य होतं तरी कुठे?

ते कर्जाच्या खात्यात होतं. आणि ते तिथे कसं शिरलं, हे एकेक पायरी उतरत पाहिलं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात भीतीने झाली. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला. ईस्ट इंडिया कंपनी मदतीला आली नाही, म्हणून निजामाने रेमंड या फ्रेंच सरदाराची कवायती फौज वाढवली; ती 14,000 पर्यंत गेली. तिकडे युरोपात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांच्या जिवावर उठलेले. 1798 च्या उन्हाळ्यात नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. कलकत्त्याला नुकत्याच आलेल्या गव्हर्नर जनरल वेलस्लीला हिंदुस्थानात एकही फ्रेंच पलटण नको होती. युरोपातलं वैर कुठे, दख्खनचं पठार कुठे! पण दोन्ही भीतींची गाठ इथेच पडली. 1 सप्टेंबर 1798 ला करार झाला. फ्रेंच फौज मोडायची, कंपनीचे 6,000 शिपाई ठेवायचे आणि त्यांच्या खर्चापोटी निजामाने दरसाल 24,17,100 रुपये द्यायचे. ऑक्टोबरात हैदराबादला फ्रेंच फौजेने लढाईविना शस्त्रं खाली ठेवली.

दोनच वर्षांत या पैशांचा कायमचा बंदोबस्त झाला. टिपूशी झालेल्या युद्धांतून निजामाच्या वाट्याला बळ्ळारी, कडप्पा हा मुलूख आला होता. 1800 च्या करारात तोच त्याने फौजेच्या खर्चासाठी कंपनीला देऊन टाकला. लढाईत मिळालेली जमीन पगारात गेली. 1802 मध्ये व्यापाराचाही करार झाला आणि मालावर शेकडा 5 हून जास्त जकात घ्यायची नाही असं ठरलं. म्हणजे नाका निजामाचा, पण दराला झाकण कंपनीच्या कराराचं.

एवढ्यावर हिशेब मिटायला हवा होता. पण हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील, हेन्री रसेल याने आणखी एक फौज उभी केली, पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाचा. कल्पना करा, तुमच्या दारात एक राखणदार आहे. पगार तुम्ही देता, पण तो ऐकतो शेजाऱ्याचं. आणि पगार थकला की तोच शेजारी तुमच्या शेताचा बांध मागायला येतो. कंटिंजंटची घडण नेमकी अशी होती, आणि तिचा खर्च वर्षाला 40 लाखांच्या घरात जाई.

एवढा पैसा आणायचा कुठून? इथे विल्यम पामरची पेढी पुढे आली. ती 1814 च्या सुमारास हैदराबादेत सुरू झाली. व्याज शेकडा 24-25! 1820 मध्ये 60 लाखांचं नवं कर्ज मंजूर झालं. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफने खाती उकरली, तेव्हा कळलं की यातला मोठा भाग म्हणजे जुनं देणंच नव्या नावाने मांडलेलं. पेढी पुढे बुडाली, कर्ज मात्र उरलं. ते फेडायला निजामाने 1823 मध्ये उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी 7 लाखांची पेशकश कायमची सोडली. बदल्यात एकरकमी सुमारे 1 कोटी 16 लाख मिळाले, आणि ते पामरची देणी भागवण्यात गेले.

आता हा पैसा गावात कुठून निघत असेल? दिवाण चंदुलालच्या काळात महसूल बोलीने मक्त्यावर जाई. मक्तेदार अरब-रोहिल्या सावकारांकडून उचल घेई आणि ती गावातून वसूल करी. त्याला घाई असे, कारण पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील याची खात्रीच नसे. असा मक्तेदार विहीर खणायला किंवा बांध घालायला कशाला पैसा लावेल? हैदराबादेतल्या पेढीचं व्याज रेसिडेंटने एकही शिपाई न हलवता मांजरा-भीमेकाठच्या ज्वारीच्या खळ्यापर्यंत पोचत होतं. मला या साऱ्या यंत्रात सर्वांत भयंकर वाटतो तो हा भाग. लुटणारा दिसतो गावचा वा राज्याचा माणूस. व्याज जमा होतं तिसऱ्याच्या खात्यावर.

21 मे 1853 ला तो बांध मागितला गेलाच. कंटिंजंटच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा कंपनीच्या हाती गेला. आळंदच्या शेतकऱ्याला पश्चिमेला काही कोस चाललं की आता इंग्रजी अंमल लागे. नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला मेडोज टेलर, ठगांवर कादंबरी लिहून नाव कमावलेला. त्याआधी सुरपूरच्या बालराजाचा कारभार त्यानेच पाहिला होता. तो राजा व्यंकटप्पा नायक टेलरला अप्पा म्हणे. 1858 मध्ये त्याने बंड केलं आणि कैदेत चेंगलपट्टूला नेताना वाटेतच त्याने स्वतःला गोळी घातली. 1860 मध्ये सुरपूर इंग्रजांनी निजामाला दिलं. 1857 च्या उठावात साथ दिल्याबद्दल दुआब आणि नळदुर्गही परत केलं. वऱ्हाड नाही!

मग आली आगगाडी. मुंबईहून निघालेली लाईन सोलापूर, गुलबर्गा करत 1871 मध्ये रायचूरला पोचली. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादचा फाटा सुरू झाला, पैसा निजामाचा. शहाबादची फरशी याच रुळांवरून दूरदूर गेली. पुढे वाडी-सिकंदराबादची ही लाईन लंडनच्या एका कंपनीकडे सोपवली आणि निजामाने तिला 20 वर्षं शेकडा 5 व्याजाची हमी दिली. गाडी तोट्यात धावली तरी लंडनच्या भागधारकाला व्याज पक्कं! 1883 मध्ये या रेल्वेच्या बेतांची चौकशी मागणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हैदराबादेतून हद्दपार केलं गेलं. सरोजिनी नायडू या त्यांच्या कन्या.

आणि रुळाखालची जमीन कोणाची? याच वाडी-सिकंदराबाद मार्गावर शंकरपल्ली स्थानकात महंमद यूसुफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनाला पकडलं गेलं, तेही सिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर. चारी बाजूंना निजामाचं राज्य, पण स्थानकात इंग्रजांचा कायदा चालतो, असा इंग्रज सरकारचा दावा. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1897 मध्ये निकाल लागला की निजामाने दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, अटक बेकायदा. साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने साम्राज्याला रुळाच्या कडेवर अडवलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

वऱ्हाडाचं काय झालं? 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. लगेच पुढच्या वर्षी कंटिंजंट इंग्रजी सैन्यात विरून गेली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गेलं, ती फौज उरली नाही. वऱ्हाड मात्र परत आलं नाही.

या मोठ्या आकड्यांच्या नोंदी दिल्ली-लंडनच्या दप्तरांत जपलेल्या आहेत. गावाने काय भरलं, ते मात्र भालकी, औराद, आळंदच्या जुन्या वाड्यांत, मोडी आणि उर्दू कागदांत सापडेल. साऱ्याच्या पावत्या, सावकाराचे रोखे, नाक्याच्या चिठ्ठ्या. तुमच्या घरात असे कागद असतील तर रद्दीत घालू नका. वाचणारा शोधा आणि वाचून घ्या.