कृत्रिम अवयव-आधार : सामर्थ्य आणि मर्यादा

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेले नातेवाईक आम्हांला बहुधा एकच प्रश्न विचारतात, "यंत्र लावले आहे, म्हणजे रुग्ण आता बरा होईल ना?" ही यंत्रे समाजाच्या औदार्यातून उभी राहतात. म्हणून या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यंत्र आजार बरा करीत नाही. ते वेळ मिळवून देते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. ब्यर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आजचा व्हेंटिलेटर तेच कार्य करतो. डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समध्ये वापरात आणलेल्या यंत्रापासून विकसित झालेले डायलिसिसही दुखावलेल्या मूत्रपिंडांना अशीच उसंत देते.

मात्र या आधारात धोकेही आहेत. जोराने भरलेली हवा आजारी फुप्फुसांना अधिक इजा करते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अशा रुग्णांना प्रत्येक श्वासात कमी हवा दिली असता मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांऐवजी ३१ टक्के आढळले. एक्मो यंत्र शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळते. पण रक्त गोठू नये म्हणून द्यावयाच्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. यकृताची कामे इतकी विविध आहेत, की रक्त शुद्ध करणारे कोणतेही यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. मेंदूला तर पर्यायच नाही.

अंगावर वागविता येईल असे डायलिसिस यंत्र आणि जिवंत पेशींच्या साहाय्याने चालणारा यकृत-आधार यांवर संशोधन चालू आहे. तथापि यंत्रे कितीही सुधारली, तरी मूळ अवयव सावरण्याची अथवा प्रत्यारोपणाची आशा उरली नसेल, तर मिळवलेला वेळ कशासाठी, हा प्रश्न राहतोच.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्यासंबंधीची कार्यपद्धती सुलभ केली. यंत्राचा आधार थांबला, तरी वेदनाशमन व शुश्रूषा थांबत नाही. आप्तांनी उपचाराच्या आरंभीच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : हा आधार कशासाठी, किती दिवस, आणि फेरविचार केव्हा?

देणगीदारांनाही आमची नम्र विनंती आहे, की यंत्राइतकेच ते अहोरात्र सांभाळणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणालाही साहाय्य करावे.