पान्ह्याला करार कळत नाही

बाळ दुसऱ्यांच्या हाती सोपवून सरोगेट घरी परतते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटून येते. बीज तिचं नव्हतं, सगळं आधीच ठरलेलं होतं. पण वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते, पान्हा फुटतो.

मग ती कोलमडते का? समृद्धी पोरे यांचा सरोगसीवरचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट पाहिलेल्यांना तसंच वाटेल. मुंबईतल्या ५० सरोगेट आणि ६९ इतर गर्भवतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वेगळं सांगतो. सरोगेट स्त्रियांत नैराश्य जास्त होतं खरं, पण ते गरोदरपणातच दिसत होतं. बाळ दिल्याने वाढलं नाही. त्यांना खात होती ती लपवाछपवी, टोमणे आणि एकटेपण.

२०२१ च्या कायद्याने पैशासाठीची सरोगसी बंद केली. मूल हवं असलेल्या जोडप्याला आता जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. सरोगेटला आधी मानसिक सक्षमतेचं प्रमाणपत्र, पुढे ३६ महिन्यांचा विमा.

शेजारणींच्या कुजबुजीवर मात्र कुठलाच विमा नाही. ओळखीत अशी कोणी असेल, तर बाळाआधी तिची विचारपूस करा.