परमच्या पोटातली चिप

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात आणि पर्यटक बसमध्ये बसून चार किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांकडे जातात. भोवती सोयगाव तालुक्याची कपाशी आणि मका. जून उजाडला की इथल्या शेतकऱ्यापुढे एकच पेच असतो: सरकी आज टोबायची, की अजून चार दिवस आभाळाकडे बघायचं? हवामान खात्याचं जुनं गणित देशाचे १२ किलोमीटरचे चौकोन पाडून चालायचं. घाटाखालचं फर्दापूर आणि घाटावरचं अजिंठा गाव अशा एकाच चौकोनात सहज मावू शकतं, आणि घाट चढलेल्या कुणालाही विचारा, वर धो धो पडत असताना खाली ऊन असतं. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली आणि चौकोन ६ किलोमीटरचा झाला.

बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि पुढचा अंदाजही कमी-कमी वेळाच्या पावलांनी काढावा लागतो. हा भार पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या ‘अर्का’ या महासंगणकावर आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. यंत्र फ्रान्सच्या एव्हिडेन कंपनीचं, आतले प्रोसेसर अमेरिकेच्या एएमडीचे.

खटकतं ते हे की त्याच पाषाण भागात सी-डॅक आहे, आणि सी-डॅकचा जन्मच असल्या यंत्रासाठी झाला होता. सरकारी कार्यालयांतल्या मंडळींना सी-डॅक आठवते ती आयएसएममुळे, मराठी टंकनाच्या त्या सॉफ्टवेअरमुळे. अभियांत्रिकीच्या मुलांना आठवते ती डिप्लोमाच्या प्रवेश परीक्षेमुळे. मूळ कारण मात्र वेगळं होतं. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे ताकदवान क्रे महासंगणक मागितला. अमेरिकेने तो न देता एक लहान क्रे दिला, तोही अटी घालून आणि फक्त हवामानासाठी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर.

क्रेच्या तोडीचा एकच बलाढ्य प्रोसेसर बनवणं तेव्हा आपल्याला शक्य नव्हतं. सी-डॅकने त्या वाटेला न जाता पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपले, काम त्यांच्यात वाटून दिलं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. आत होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. ही चिप अशा कामासाठीच घडवलेली: शेजारच्या चिपशी बोलायच्या चार जोडण्या तिच्या अंगातच होत्या. अशा पुष्कळ चिपा जोडल्या की सेकंदाला सुमारे एक अब्ज गणितं होत. पुढे असं एक यंत्र मॉस्कोलाही गेलं.

आणि मग इनमॉसच ढेपाळली. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली, बाजार पुढे निघून गेला. परमला मेंदू बदलणं भाग पडलं. आधी इंटेलचा आय८६० जोडीला घेतला, नव्वदच्या दशकात सनची स्पार्क चिप, १९९८ चा ‘परम १००००’ त्याच घराण्यातल्या अल्ट्रास्पार्कवर. ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर४ वर. जून २००३ मध्ये तो जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ वा आला. २००८ चा ‘परम युवा’ पुन्हा इंटेलवर. नाव तेच, आतला माणूस दर वेळी नवा. यात सगळ्यात महाग पडतात ते सॉफ्टवेअरवाल्यांचे कष्ट. एका चिपसाठी घासूनपुसून वेगवान केलेला प्रोग्राम दुसरीवर चालला तरी तितकाच पळेल याची खात्री नसते. तो पुन्हा बसवावा लागतो.

श्रीमंत कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ॲपलच्या मॅकने १९८४ मध्ये मोटोरोलाच्या चिपवर संसार मांडला, १९९४ मध्ये पॉवरपीसीवर हलवला, २००६ मध्ये इंटेलवर. प्रत्येक वेळी कारण एकच: चिपवाल्याचं वेळापत्रक आणि आपलं वेळापत्रक जुळत नाही. लॅपटॉपला कमी विजेत काम करणारी चिप हवी असते. विकणाऱ्याचं लक्ष भलत्याच गिऱ्हाइकाकडे असतं. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिप आखणारी छोटी कंपनी विकत घेतली, दहा-बारा वर्षं फोन आणि आयपॅडवर हात बसवला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणली. १६ अब्ज ट्रान्झिस्टर. ती घातलेल्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ‘रोझेटा २’ नावाचा दुभाषा दिला होता. जून २०२३ पर्यंत सगळ्या मॅकमधून इंटेल गेली.

सी-डॅकने पैसा आणि गिऱ्हाईक दोन्ही बेताचं असताना उलट्या टोकाने सुरुवात केली. चिप परकी, पण तिच्याभोवतीचं एकेक आपलं करत जायचं. आधी समांतर प्रोग्राम लिहायची साधनं. मग नोडना जोडणारं जाळं, ‘परमनेट’, त्यानंतर ‘त्रिनेत्र’. मग सर्व्हरचा बोर्डच इथे आखला, त्याचं नाव ‘रुद्र’. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ यंत्रं देशाला मिळाली. त्यातलं एक पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी. बोर्ड सी-डॅकचा, त्यावरचे प्रोसेसर इंटेलचे. अर्काचं लोकार्पणही त्याच दिवशी होतं. त्यासाठी पंतप्रधान पुण्याला यायचे होते, पण पावसाने दौरा रद्द झाला आणि हवामानाच्या यंत्राचं उद्घाटन दूरदृश्य प्रणालीने उरकावं लागलं! तिन्ही रुद्र मिळून सुमारे १३० कोटी रुपयांचे. अर्का आणि नोएडातला त्याचा जोडीदार महासंगणक ‘अरुणिका’ मिळून ८५० कोटींचे. सरकारला तातडीची गरज कुठे वाटते आणि घरच्या यंत्रावर भरवसा किती, हे या दोन आकड्यांवरून ताडावं.

आता उरली चिप. महासंगणकासाठी सी-डॅक ‘ओम’ नावाचा प्रोसेसर आखते आहे: ९६ कोअर, ५ नॅनोमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशिओनेक्स्ट या कामात सामील झाल्याचं जाहीर झालं. पण कोअर ब्रिटनच्या आर्मकडून परवान्याने घेतलेले आणि छपाई तैवानच्या टीएसएमसीकडे. ‘मग यात आपलं काय?’ असा प्रश्न येतोच, पण तो अर्धवट आहे. एम१ ची आज्ञावलीही, म्हणजे चिपला कळणाऱ्या मूळ आज्ञांचा संच, आर्मचीच आणि छपाईही टीएसएमसीचीच. ॲपलने कोअर मात्र स्वतः आखले, आणि ओमला तिथवर पोहोचायला खूप अवकाश आहे. तरीही किती कोअर, स्मृती चिपला किती खेटून, यंत्र कोणत्या साली बदलायचं, हे ठरवायचा हक्क हाती येतो. परमकडे पस्तीस वर्षांत नव्हता तो हाच. जपानच्या फुजित्सूने आर्मच्याच आज्ञावलीवर स्वतःची चिप आखली आणि तिच्यावर बांधलेला ‘फुगाकू’ २०२० मध्ये जगात पहिला आला. वाट नवी नाही, खर्चाची आहे.

दुसरी वाट तिरुवनंतपुरमच्या सी-डॅककडे आहे. तिथल्या ‘वेगा’ प्रोसेसरांची आज्ञावली आहे रिस्क-फाइव्ह. ती कुणाही एका कंपनीच्या मालकीची नाही, परवान्याची फी नाही, आणि कोअर पूर्णपणे इथले. मात्र त्यातली ‘तेजस ३२’ ही चिप १०० मेगाहर्ट्झची आणि मलेशियात १३० नॅनोमीटरवर छापलेली, म्हणजे एम१ शेजारी ठेवायचीही सोय नाही. मीटर, सेन्सर, छोट्या मोटारींचे नियंत्रक ही तिची जागा. डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव ६४’ जाहीर झाली: दोन कोअर, एक गिगाहर्ट्झ.

मला स्वतःला ओमपेक्षा या लहान चिपांचं कौतुक जास्त वाटतं. ओमचं गिऱ्हाईक बहुतेक सरकारच राहील आणि निविदा निघाली की पुन्हा तयार परदेशी यंत्राशी गाठ. तेजसवर बेतलेले ‘एरीज’ बोर्ड मात्र कॉलेजच्या मुलांना विकत मिळतात आणि आर्डुइनोवर शिकलेला मुलगा त्याच पद्धतीने त्यांवर प्रोग्राम लिहू शकतो. परमचं सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने बसवावं लागलं, कारण आज्ञावली दुसऱ्याच्या मर्जीवर होती. या मुलांनी लिहिलेलं पुढच्या ‘वेगा’वरही चालेल.