हायफनने सुरू होणारं नाव

मागच्या व्याख्यानात आपण बफर ओव्हरफ्लो पाहिला: डबा लहान, सामान जास्त. आजचा दोष वेगळा. यात मेमरीतला एक बाइटही जागचा हलत नाही, आणि तरी पासवर्ड न देता समोरचं मशीन उघडतं.

टेलनेट किंवा आरलॉगिनने आपण दूरच्या मशीनला जोडतो, तेव्हा तिथला सर्व्हर सहसा स्वतः पासवर्ड विचारत नाही. तो ‘लॉगिन’ नावाचा दुसरा प्रोग्राम चालवतो आणि आपण पाठवलेलं युजरनेम त्याच्या हाती देतो. या लॉगिनला ‘-एफ’ असा एक पर्याय आहे. अर्थ: या माणसाची ओळख आधीच पटलेली आहे, पासवर्ड विचारू नकोस. पर्याय गैर नाही. विश्वासातल्या प्रोग्रामने आधी तपासणी केली असेल तर तो लागतोच.

आता युजरनेम म्हणून कोणी ‘-एफरूट’ असंच पाठवलं तर? सर्व्हरच्या लेखी ते नाव. लॉगिनच्या लेखी मात्र हायफनने सुरू होतं तो पर्याय. म्हणजे रूटची ओळख पटलेली! आणि तो सर्वाधिकारी खात्याचा शेल उघडून देतो. पाहुण्याने आपलं नाव ‘साहेबांनी आत सोडायला सांगितलंय’ असं सांगावं, आणि रखवालदाराने तो साहेबांचा हुकूमच समजावा, तसं झालं हे.

१९९४ मध्ये आयबीएमच्या एआयएक्सवर, आरलॉगिनमध्ये हे उघड झालं. गाजलंही भरपूर. तरी २००७ मध्ये सोलारिस १० च्या टेलनेट सर्व्हरमध्ये तेच. आणि जानेवारी २०२६ मध्ये जीएनयू इनेटयुटिल्सच्या टेलनेट सर्व्हरमध्ये पुन्हा तेच! तिथे नाव ‘यूजर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत होतं, आणि तो कोड २०१५ पासून तसाच होता.

मेमरी सांभाळणारी भाषा वापरली की झालं, असं हल्ली ऐकू येतं. इथे तिचा उपयोग नाही, कारण स्ट्रिंगची लांबी बरोबरच होती. चुकला तो तिचा अर्थ. उपाय साधे: हायफनने सुरू होणारं नाव नाकारायचं, आणि लॉगिन मानत असेल तर नावाआधी ‘--’ द्यायचं, म्हणजे पुढचं काहीही पर्याय धरलं जात नाही. आणि आपल्याकडे कुठल्या जुन्या राउटरवर किंवा सर्व्हरवर टेलनेट अजून चालू असेल, तर पॅचची वाट न बघता ते आजच बंद करून एसएसएच घ्या.